दहा गाण्यांचं बिऱ्हाड

गाणं मधूनच ऐकणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. पूर्वी ते मी मनात ठेवत असे. चौऱ्याहत्तर सालच्या गणपतीपासून उघड बोलून दाखवतो, आणि त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या श्रमसाफल्य सोसायटीत चार बिऱ्हाडं माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलली तरी चालेल. ही चारही बिऱ्हाडं त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून 'वन्स मोअर' ओरडत होती.

सुरुवात परेरापासून झाली. परेरा म्हणजे कचेरीत माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा, राहायला अंधेरीला. त्याच्या बोटीवरच्या मेव्हण्यानं त्याला विलायतेतून एक रेकॉर्ड आणून दिली होती, ती ऐकायला त्यानं मला एका रविवारी घरी बोलावलं. मी सवयीप्रमाणे रेकॉर्डचं पाकीट उलटसुलट करून म्हटलं, "यातलं चांगलं गाणं कुठलं? ते लाव ना."

परेराचा चेहरा पडला. "रामनाथ," तो म्हणाला, "हा कन्सेप्ट अल्बम आहे. यात चांगलं गाणं, वाईट गाणं असं नसतं रे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. पाणी पाहिजे तर आत्ताच पिऊन घे."

मी पाणी पिऊन बसलो. गाण्यातला दर तिसरा शब्द मला कळत होता, पण तेवढ्यावर भागलं. एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तरची गोष्ट होती. त्याची लाइन बंद होणार असते. एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं त्याच्यातून निघे. शेवटच्या गाण्यात तो म्हातारा, जी गाडी येणारच नाही तिला हिरवा कंदील दाखवत उभा राहतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेच गाणं मला कोणी सुटं ऐकवलं असतं तर मी म्हटलं असतं, बंद करा ही रडकथा.

घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं. आपल्याकडे गाण्यांचं आपण काय करतो? फर्माइश! हे लावा, ते लावा, हे पुन्हा लावा. पुरणपोळी वाढावी आणि माणसानं फोडून नुसतं पुरण खावं, तसं. साहेबांच्या देशात चाळीस मिनिटं एका जागी बसून पूर्ण गोष्ट ऐकायची शिस्त आहे आणि आपल्याकडे नाही, याचा मला संताप आला. हा संताप मी वनमालेला ऐकवला. वनमाला ही माझी बायको. ती म्हणाली, "रेशनच्या रांगेत दोन तास शिस्तीत उभी राहिले आज मी. येताना केरोसीन आणलंत का?"

आता मूळ मुद्दा सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं माझं वागणं वेड्यासारखं वाटेल.

माझी आई, अंजनाबाई, त्याच्या तीन वर्षं आधी लालबागच्या चाळीतून आमच्याबरोबर या ब्लॉकमध्ये आली. दोन खोल्या, स्वतंत्र नळ, स्वतंत्र संडास, दाराला लॅच. मला वाटलं, बाईनं आयुष्यभर सार्वजनिक नळावर भांडण केलं, आता सुखात राहील. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "घर चांगला आसा. पण हय माणसा खय आसत?" आणि त्यानंतर फारसं काही म्हणालीच नाही. खिडकीत बसायची. त्या श्रावणात मात्र एकदा ताटावरच म्हणाली, "विसर्जन झाला की मी मालनीकडे लालबागाक जातंय. आता थयच रवतलंय." मालन ही तिची धाकटी बहीण, अजून त्याच चाळीत राहणारी.

मला तिला 'जाऊ नको' म्हणायचं होतं. पण हे तोंडावर म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. आमच्याकडे माया म्हणजे माशाचा मधला तुकडा न बोलता दुसऱ्याच्या ताटात सरकवणं. मी तो सरकवला. तिनं तो परत माझ्या ताटात सरकवला. तेव्हा मी ठरवलं, गाण्यात सांगायचं. एका गाण्यात मावणारी गोष्ट नव्हती, म्हणून दहा गाणी. गणपतीत सगळ्या सोसायटीसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग, आणि आई पहिल्या रांगेत.

मी कवी नाही. पण रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मोरीच्या शेजारी स्टूल टाकून मी गाणी लिहिली. नाव दिलं 'बिऱ्हाड'. सहदेव नावाचा एक मनुष्य चाळीतली खोली सोडतो आणि आईला घेऊन नव्या घरी येतो. आईचं मन रमत नाही. आठव्या गाण्यात ती ट्रंक भरून कोणाला न सांगता निघून जाते. नवव्यात सहदेव तिला शोधत चाळीत जातो, तर त्यांच्या जुन्या खोलीत भलतीच माणसं. दहाव्यात ती त्याला भेटते आणि तो तिला काय सांगायचं ते सांगतो. चाली बांधल्या लवू धुरीनं. हा तळमजल्यावरचा, हार्मोनियम वाजवणारा, गोड गळ्याचा आणि स्वभावानं इतका गरीब की कोणी काही मागितलं तर नाही म्हणायचं त्याला माहीतच नाही. हा गुण पुढं मला नडला.

गाणी तयार आहेत ही बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. सोसायटीचे चिटणीस कोरगावकर म्हणाले, "रामनाथराव, छान आहे. फक्त मध्ये एक कोळीगीत टाका."

"कोळीगीत? अहो, ही लालबाग ते घाटकोपर गोष्ट आहे. यात समुद्र नाही."

"समुद्र नसू द्या हो. कोळीगीताशिवाय पब्लिक बसत नाही. लोक उठून गेले तर मला बोलू नका."

दोन दिवस मी ताठ होतो. शेवटी तिसऱ्या गाण्यात सहदेवाची आई दारावर आलेल्या मासेवालीकडून सुरमई घेते असं केलं आणि मासेवालीला नाचायला दोन कडवी दिली. कलेचा खून म्हणतात तो हाच.

दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "म्हातारीला मारू नका हं. गणपतीत मरण नको." मी म्हणालो, मरत नाही, नुसती निघून जाते. "मग ठीक आहे. पण ती सुनेच्या छळाला कंटाळून जाते असं दाखवा. लोकांना पटेल." हे वनमालेनं ऐकलं. तिनं सगळी दहा गाणी मागून घेतली, कणीक मळता मळता वाचली आणि विचारलं, "या सहदेवाचं लग्न झालंय का?"

"झालंय की."

"मग बायको कुठाय? दहा गाण्यांत तिचं नाव नाही. घर लावलं कोणी? रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहिलं? तुमच्या सहदेवाला जेवायला कोण घालतं?"

मी सहाव्या गाण्यात बायकोसाठी एक कडवं वाढवलं. ती म्हणाली, चारच ओळी? मी आठ केल्या. त्या आठ ओळींत तिनं स्वतः दोन दुरुस्त्या केल्या आणि, मला कबूल करायला जड जातं, त्या सुधारल्या.

आता लाऊडस्पीकरची परवानगी. कोरगावकर म्हणाले, कार्यक्रम तुमचा आहे, चौकीवर तुम्हीच जा. चौकीतल्या हवालदारांनी विचारलं, "प्रोग्राम कसला?" इथं मी मूर्खपणा केला. 'गाणी' म्हणून मोकळा झालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी अभिमानानं म्हणालो, "नुसती गाणी नाहीत. दहा गाण्यांची मिळून एक सलग कथा आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नाटक."

"नाटक नाही हो. पात्रं नाहीत, पडदा नाही, संवाद नाहीत."

"गोष्ट आहे ना?"

"आहे."

"स्टेजवर आहे ना?"

"आहे."

"मग नाटक. नाटकाचं पुस्तक आधी फोर्टातल्या हापिसात तपासायला द्यावं लागतं. तिथनं पास झालं की या."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून फोर्टात गेलो. तिथल्या साहेबांनी गाणी चाळली आणि म्हणाले, "ही तर गाणी आहेत. आम्ही नाटकं तपासतो." मी परत चौकीवर. हवालदार म्हणाले, "गाणी आहेत असं त्यांनी लिहून दिलंय का?" मी परत फोर्टात. साहेब म्हणाले, "जे आम्ही तपासत नाही ते आम्ही तपासत नाही असं लिहून द्यायची पद्धत नाही." आपल्या देशात गाण्याला जागा आहे, नाटकाला जागा आहे, पण एकमेकांचा हात धरून उभ्या राहिलेल्या दहा गाण्यांना उभं राहायला जागा नाही. हे मी त्या साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, लंचटाइम झाला.

शेवटी हवालदारांनाच माझी दया आली. "असं करा, एक हमीपत्र लिहून द्या. 'सदर दहा गाण्यांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही.' खाली सही करा. गाणी म्हणून सोडतो."

मी महिनाभर रोज त्या गाण्यांचा परस्परांशी संबंध जोडत होतो. एक गाणं संपताना जो सूर, त्याच सुरावर पुढचं उचलायचं, याच्यासाठी लवूशी तोंड दुखेपर्यंत वाद घातले होते. आणि आता माझ्याच सहीनं, माझ्याच पेननं, मी लिहून द्यायचं की संबंध नाही! मी पेनचं टोपण परत लावलं. पण आईची ट्रंक माळ्यावरून खाली निघाली होती, वनमालेनं ती पुसूनही ठेवली होती. मी सही केली. साडेनऊपर्यंत लाऊडस्पीकर वाजवायची परवानगी मिळाली.

पाचव्या दिवशीची संध्याकाळ. कंपाउंडमध्ये मांडव भरलेला. मी पांढरा झब्बा घातला होता. माइकवर जाऊन मी लोकांना समजावलं, "ही सलग गोष्ट आहे. कृपया शेवटपर्यंत शांतपणे ऐका. मध्ये टाळ्यासुद्धा वाजवू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा पहिल्या रांगेतली आईची खुर्ची रिकामी होती. मी मांडवभर नजर फिरवली. ती कुठं होती? कोरगावकरांनी बायकांना मांडवाच्या मागे द्रोणात प्रसादाचा शिरा भरायला बसवलं होतं, आणि आई तिथं! ज्या एका माणसासाठी मी हा सगळा खटाटोप केला ते माणूस मांडवामागे शिरा भरत होतं. चौथ्या गाण्याला ती हात पुसत येऊन बसली. तोवर सहदेवाची चाळ सोडून झाली होती, सुरमईही घेऊन झाली होती.

गाण्यांच्या मधली जागा मी मुद्दाम ठेवलीच नव्हती. ती कोरगावकरांनी तयार केली. दुसरं गाणं संपतं न संपतं तोच त्यांनी लवूच्या पुढ्यातला माइक ओढला. "तिसऱ्या मजल्यावरचे सामंत यांच्याकडून गायकाला बक्षीस. तसेच एक किल्ली सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी." कोळणीच्या कडव्यांना मांडव नाचायला उठला. वन्स मोअर. लवूनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून नाही म्हटलं, त्यानं लोकांकडे पाहिलं आणि घेतला वन्स मोअर. मासेवाली तीनदा येऊन गेली.

पण खरी वाट आठव्या गाण्यानं लावली. म्हातारी पहाटे उठते, देवाला हात जोडते, झोपलेल्या मुलाच्या अंगावर चादर ओढते आणि ट्रंक उचलते. लवू गायलाही असा की मांडवात हुंदके ऐकू आले. मी आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती. आता ताबडतोब नववं उचलायचं, हाच तो क्षण, आणि मागून आरोळी आली, "वन्स मोअर!"

अहो, कशाला वन्स मोअर? म्हातारी घर सोडून गेली! एकदा गेलेलं माणूस वन्स मोअर जाईल कसं? मी मांडवातल्या पंख्याशेजारच्या स्टुलावर चढून ओरडलो, "पुढं चला! पुढं चला!" पण लवूनं पुन्हा तिला उठवलं, पुन्हा देवाला हात जोडायला लावले, पुन्हा ट्रंक उचलायला लावली. रत्नप्रभाबाई शेजारणीला विचारत होत्या, "ही परत कधी आली गं?" तिसऱ्या वेळी म्हातारी निघाली तेव्हा लोकांना सगळं गाणं पाठ झालं होतं आणि मांडव तिला एकसुरात निरोप देत होता.

नववं गाणं झालं. सहदेव चाळीचा जिना चढतो, ओळखीचं दार वाजवतो, दारात परकं माणूस. लवूनं दहाव्याचा सूर धरला, आणि लाऊडस्पीकर बंद पडला. बंद पडला नाही, बंद केला. साडेनऊ झाले होते, फाटकापाशी हवालदार उभे होते, आणि कोरगावकरांनी स्वतःच्या हातानं वायर ओढली होती. मी म्हणालो, बिनामाइकचं म्हणू द्या, एकच गाणं राहिलंय. तोवर आरतीच्या झांजा सुरू झाल्या. आरती थांबवा म्हणायची कोणाची छाती आहे? मीही टाळ्या वाजवत उभा राहिलो. माझा सहदेव त्या जिन्यावर तसाच उभा.

आईला घरी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "शिरो जरा गोड झालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला दार उघडलं तर रत्नप्रभाबाई जिन्यात. "सापडली का हो म्हातारी?"

मी म्हणालो, "ते दहाव्या गाण्यात आहे."

"मग सांगा ना."

"सांगायचं नसतं. ऐकायचं असतं. आणि एकटं दहावं ऐकायचं नसतं, दहाही सलग ऐकायची असतात. काल तुम्हीच ओरडत होता ना वन्स मोअर?"

त्यांचं तोंड उतरलं, पण मला कीव आली नाही. त्या दिवसभरात तेच. नळाला पाणी आलं तरी बायका नळ सोडून गॅलरीत उभ्या, म्हातारी सापडली का. कोरगावकरांनी स्वतः येऊन विचारलं. मी म्हणालो, मला पुन्हा एक संध्याकाळ द्या. ते म्हणाले, उद्या फॅन्सी ड्रेस, परवा लिंबू-चमचा, तुमचा दिवस झाला, आता तुम्ही नुसतं कानात सांगा, मी कोणाला सांगत नाही. मी सांगितलं नाही. मग लोकांनी आपापले शेवट केले. सामंतांचं मत, म्हातारी गावाला गेली. लवूला तर खरा शेवट माहीत होता, पण त्याला मी शपथ घातली होती. तो बिचारा विचारणाऱ्यांना नाही म्हणता येत नाही म्हणून ड्यूटी संपल्यावरही घरी येईना.

सातव्या दिवशी चौकीतले तेच हवालदार आमच्या दारात उभे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दिवसभर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक 'म्हातारी सापडली का' विचारत होतं, तेव्हा वाण्यानं चौकीवर कळवलं की श्रमसाफल्यमधली एक बाई बेपत्ता आहे.

"कोण बाई बेपत्ता आहे?" हवालदारांनी विचारलं.

"कोणी नाही. ती गाण्यातली बाई आहे."

"कुठल्या गाण्यातली?"

"आठव्या गाण्यात निघून जाते, नवव्यात तिला शोध..." मी थांबलो. हवालदारांनी डोळे बारीक केले.

"म्हणजे आठव्यातली बाई आणि नवव्यातली बाई एकच?"

माझी सही त्यांच्या फायलीत होती. "नाही," मी दात आवळून म्हणालो. "काहीही संबंध नाही. आठव्यात एक बाई जाते. नवव्यात कोणीतरी कोणालातरी शोधतो."

"बरं," हवालदार म्हणाले. जिना अर्धा उतरले, परत वर आले, टोपी काढून हळूच म्हणाले, "ते कागदाचं राहू द्या साहेब. मी फाटकात उभा होतो. मला सांगा, सापडली का?"

आतून आई हे सगळं ऐकत होती. तिनं एकदाही विचारलं नाही, आणि मला त्याचाच राग आला होता. सगळ्या घाटकोपरला जे जाणून घ्यायचं होतं ते हिला नको होतं. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. ती जाणार आणि मी तिला सांगणार नाही, हे मला दिसत होतं, आणि तरी मी माझं तत्त्व धरून बसलो होतो. सांगेन तर दहाही सलग, नाहीतर नाही.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. आई नवं लुगडं नेसली, तिनं देवाला हात जोडले. मी आणि लवू ट्रंक घेऊन जिना उतरत होतो, पुढं आई, मागं वनमाला डोळ्याला पदर लावून. दुसऱ्या मजल्यावर रत्नप्रभाबाईंनी दार उघडलं, ट्रंक पाहिली, आणि जोरात ओरडल्या, "अगं बाई, हे तर आठवं गाणं!"

धडाधड दारं उघडली. ज्या दारांत तीन वर्षांत कोणी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं, त्या दारांत माणसं. सामंत दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून. कोरगावकर बनियनवर. "अंजनाबाई, तुम्ही चाललात? म्हणजे ती म्हातारी तुम्ही?" रत्नप्रभाबाईंनी जिन्यात आडवा हात धरला. "जायचं तर जा, पण निदान शेवट ऐकून जा. आम्हालाही ऐकू दे. रामनाथराव, म्हणा आता!"

मी म्हणालो, "एकटं दहावं मी म्हणणार नाही."

"गप रे!" सगळा जिना म्हणाला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग लवूला म्हणाली, "ट्रंक खाली ठेव," आणि जिन्याच्या वळणावर ट्रंकेवर बसली. "पयल्यापासून म्हण," ती मला म्हणाली. "सुरवातीचा माझा रवला हा. मी शिरो भरी होतंय."

लवूनं गळा साफ केला. आई म्हणाली, "तू नको. ह्येका म्हणूं दे."

माझा आवाज कसा आहे हे मला माहीत आहे. पण मी कठड्याला धरून पहिलं गाणं सुरू केलं. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता, मग तोही वर येऊन पायरीवर बसला. मी चाळ सोडली, सामान हलवलं, सुरमई घेतली. सहाव्याला वनमालेनं आपल्या आठ ओळी स्वतः म्हटल्या. आठव्याला म्हातारी एकदाच गेली. कोणी वन्स मोअर दिला नाही, माझ्या आवाजाला कोण देणार? नवव्यात सहदेव जिन्यावर पोचला आणि मी न थांबता दहावं उचललं. म्हातारी चाळीच्या नळावर बसलेली असते. तो तिच्याजवळ बसतो आणि म्हणतो,

तुला करमत नाही म्हणून आलो न्यायला,
मला करमत नाही हे राहिलं सांगायला.

पुढं दोन कडवी होती. ती मला म्हणता आली नाहीत. आईकडे बघायची सोय नव्हती.

आई उठली, माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"मेल्या," ती म्हणाली, "तुका पण करमना नाय?"

मी मान हलवली.

"मगे मी जातंय म्हटलंय तेव्हा सांगूक काय झाला व्हता? येवढा सांगूक धा गाणी कित्याक लागली तुका?"

सगळी माणसं हसली. रत्नप्रभाबाई हसत हसत डोळे पुसत होत्या. मला मात्र भयंकर राग आला. महिनाभर मान मोडून लिहिलं, दोनदा फोर्टात गेलो, खोटी सही केली, आणि माझ्या आईनं सगळ्या सोसायटीसमोर निकाल दिला की हे एका ओळीचं काम होतं.

"आई," मी म्हणालो, "आधीची नऊ ऐकली नसतीस तर ती ओळ तुला कळली नसती."

"कळली असती."

"नसती कळली."

"माका शिकवू नको," आई म्हणाली, टॅक्सीवाल्याला हातानं जा म्हणाली आणि वर चढायला लागली. "ती ट्रंक घेऊन ये. जड आसा, दोघांनी धरा."

ट्रंक खरोखरच जड होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी आईशी भांडत गेलो.